गोंड्याचे दोन दोरे

माझे सासरे शिंपी होते, आणि शुभवर्तमानही ते शिंप्याच्याच नजरेनं वाचायचे. दुसरं कुणी त्यात चमत्कार बघेल, उपदेश बघेल. मामंजी कपडा बघायचे. येशू डोंगरावर बसून बोलायला लागला की लोकांनी काय ऐकलं ते राहिलं बाजूला, यांना आधी प्रश्न पडायचा की डोंगरावर वारा असणार, मग याच्या अंगावर नेमकं होतं काय.

लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नका म्हणतो तो. का म्हणतो, सांग बघू."

मी म्हटलं, "चुलीवरचं बघू की तुमचं ठिगळ बघू?" रागाला मी तेव्हाही वेळ लावत नसे.

ते उठले. एका जुन्या शर्टाला त्यांनी कोऱ्या मांजरपाटाचं ठिगळ लावलं, शर्ट गरम पाण्यात धुतला, वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे धरला. ठिगळ चांगलं बोटभर आटलं होतं आणि भोवतालचं जुनं कापड ओढून ओढून फाटलं होतं. "बघ," ते म्हणाले, "हे पुस्तकात वाचून कळत नाही. त्याच्या घरात कुणीतरी कपडे धूत होतं, ठिगळं लावत होतं, आणि तो शेजारी बसून बघत होता. आईच असणार." हे शेवटचं ते इतक्या मायेनं बोलले की माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच महिन्यात मी दुकानात काजं करायला बसले, ती आजही बसतेच आहे. आता दुकान माझंच आहे.

तेव्हा ते एका खोलीचं होतं, अजूनही एकाच खोलीचं आहे. मध्ये कापायचं मोठं टेबल, भिंतीशी दोन मशीनं, कोपऱ्यात इस्त्री, आणि दाराजवळ उंच आरसा. मामंजींचा एकच नियम होता: दुकानातून बाहेर पडणाऱ्या कपड्याला एकही लोंबता दोरा दिसता कामा नये. दोरे कापायची चिमुकली कातर ते नाडीला बांधून गळ्यात घालायचे, आणि ती गळ्यात आहे हे त्यांच्याही लक्षात नसायचं. हात आपोआप जायचा. एकदा चर्चच्या दारात पाळकसाहेबांशी बोलता बोलता त्यांनी त्यांच्या झग्याचा सुटलेला दोरा कापला, तेही वाक्य न तोडता. पाळकसाहेबांना घरी गेल्यावरही कळलं नसेल.

आमच्या शेजारचं दुकान बटणांचं. दोन दुकानांच्या मध्ये नुसती लाकडी फळ्यांची आडभिंत होती. इकडे शिंकलं तर तिकडून कुणी बरं आहे ना विचारावं, इतकी पातळ. तिकडे बटणवाले काका बसायचे, छातीएवढ्या उंच लाकडी कपाटांच्या मधोमध. बटणं, रिळं, चेन, अस्तराचे नमुने. डोळे मिटून हवं ते काढून द्यायचे. ते यहुदी होते. शुक्रवारी सूर्य कलायच्या आत त्यांचं शटर खाली यायचं आणि रविवारी आमचं बंद, त्यामुळे शनिवारी ज्याला कोट हवा त्याला बटणं नाहीत आणि रविवारी बटणं मिळाली तर शिवायला माणूस नाही. गिऱ्हाइकं वैतागायची. हे दोघं हसायचे.

दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण तो दाखवायची दोघांनाही लाज. काका मामंजींना 'मास्तर' म्हणायचे आणि यांच्या प्रत्येक कोटात खोड काढायचे. आरशासमोर उभं राहून कॉलर चिमटीत धरायचे आणि म्हणायचे, "माझी बटणं आहेत म्हणून बरा दिसतोय." वीस वर्षांत त्या माणसानं यांच्या शिवणीला एकदाही चोख म्हटलं नव्हतं. मामंजींना भल्याभल्यांनी शाबासकी दिली होती, पण त्यांना हवी होती ती ह्याची. "एकदा म्हणेल," ते मला सांगायचे, "एकदा याच्या तोंडून काढतोच." त्यांच्या आयुष्यात ही एवढीच हौस मी पाहिली.

दर बुधवारी संध्याकाळी सहाला मशीनांवर कापड टाकून आमच्या दुकानात शुभवर्तमानाचा वर्ग भरायचा. मंडळी सहासातच. निवृत्त झालेले एक शाळामास्तर, हॉस्पिटलातली नर्सबाई, एक पोस्टमन, बेकरीवाल्या दोघी बहिणी आणि मी. मामंजी वाचायचे आणि मग सगळे बोलायचे. एका बुधवारी गोष्ट आली त्या बाईची, जिला बारा वर्षं रक्तस्राव होत होता. गर्दीतून ती येशूच्या मागून येते, त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते आणि बरी होते. बेकरीवाल्या बहिणी खाली बघायला लागल्या. नर्सबाई म्हणाल्या, "बारा वर्षं! रक्त किती उरलं असेल अंगात?" आणि मामंजी म्हणाले, "पण गोंडा कशाला?"

"म्हणजे?" शाळामास्तर म्हणाले.

"सुताराचा मुलगा. पायी फिरणारा. त्याच्या कपड्याला गोंडा कशाला? गोंडे असतात पडद्यांना, उशांना. आणि दुसरं असं, मागून गर्दीत माणसाला हात लावायचा तर तो लागतो पाठीला, फार तर कोपराला. गोंडा म्हणजे कपड्याची खालची कड. तिथवर पोचायला वाकावं लागतं. आजारी बाई गर्दीत वाकेल कशाला? तुडवली जाईल."

 पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, मास्तर, तुम्ही विश्वासाकडे बघा, कपड्याकडे नका बघू. हे उत्तर मामंजींना मुळीच आवडलं नाही. आठवडाभर कापताना, शिवताना, जेवताना एकच: गोंडा. मी वैतागून म्हटलं, "अहो, येशू होता कोण? यहुदी. मग भिंतीपलीकडे विचारा की!" आज मला वाटतं, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

काका ऐकून आधी पोटभर हसले. मग शर्टाच्या आतून, कमरेशी हात घालून त्यांनी एक पांढरा दोऱ्यांचा झुबका बाहेर काढला. गाठी मारलेला, वळसे दिलेला, खाली दोरे मोकळे. "हा घ्या तुमचा गोंडा. शोभेचा नाही हा. चार कोपऱ्यांच्या वस्त्राला चार, अशी आज्ञा आहे आम्हाला. बघितला की देवाच्या सगळ्या आज्ञा आठवाव्यात म्हणून. गरीब असो, सुतार असो, घालायचाच. त्यात एक दोरा निळा हवा, पण त्या निळ्याची कृतीच हरवली. माझ्या दुकानात निळ्याच्या बत्तीस छटा आहेत मास्तर, ती एक नाही. म्हणून आमच्या घरात पांढरेच."

मामंजी त्या झुबक्याकडे असे बघत होते की जणू कुणी त्यांना त्या गर्दीत नेऊन उभं केलं होतं. "म्हणजे ती वाकली," ते हळूच म्हणाले, "ते त्याच्यासाठी नाही. ह्या गोंड्यासाठी."

"ते मला नाही सांगता येणार. तुमचं पुस्तक मी मानत नाही," काका म्हणाले, "पण त्यातली माणसं माझ्या ओळखीची आहेत. तिच्या जागी मी असतो तर तेच धरलं असतं. आणि एक लक्षात ठेवा, रक्त जातं म्हणून ती अशुद्ध होती, म्हणजे पापी नव्हती. बाळंतीणही अशुद्ध, मढ्याला खांदा देणाराही अशुद्ध. ते देवळात पाऊल टाकण्यापुरतं. तुमची मंडळी ऐकताना त्याचा भलताच अर्थ घेतात. मला भिंतीतून सगळं ऐकू येतं."

मग मामंजींनी ते मागितलं, जे मागायला नको होतं. काकांच्या घरी त्यांच्या वडिलांची प्रार्थनेची शाल होती. चार कोपऱ्यांना मोठे गोंडे असलेली. ती एक बुधवार उसनी हवी होती, मंडळींना दाखवायला. काका बराच वेळ बटणं चाळत राहिले. "वडील गेले तेव्हा माझ्याकडे तेवढीच आली," ते म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीतून ती घेऊन आले आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "मास्तरांना सांगा, इस्त्री करू नका."

त्या बुधवारी मामंजी जे बोलले तसं मी पाळकसाहेबांनाही कधी बोलताना ऐकलं नाही. टेबलावर शाल पसरलेली, पिवळट झालेली लोकर, काळे पट्टे. ते सांगत होते की येशू घराबाहेरचा कुणी नव्हता, याच घरातला होता, हेच गोंडे लेवून वाढला. ती बाई गर्दीत कशी वाकली असेल ते दाखवायला ते स्वतः वाकले, एक कोपरा हातात धरला, आणि बोलता बोलता त्यांचा दुसरा हात गळ्याशी गेला.

मी बघत होते. त्या गोंड्यातले दोन दोरे जुनेपणानं वळशातून सुटून बाकीच्यांपेक्षा लांब लोंबत होते. कातर उघडली, मिटली. मुळापाशी, अगदी स्वच्छ. वाक्य तुटलंसुद्धा नाही. मग त्यांनी आपल्या बोटांत काय आहे ते पाहिलं.

नर्सबाईंच्या तोंडून "अगं आई गं" निघालं.  मंडळी एकेक करून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेले तर मामंजी आधीच येऊन बसले होते. मी म्हटलं, "तुमच्यासारखा रफू गावात कुणाचा नाही. जोडून टाका. कुणाला दिसणार आहे?" खरं सांगते, मी मनापासून म्हटलं, आणि आजही मला त्याची लाज वाटते. त्यांनी सुई घेतली. तासभर भिंग लावून बसले. दोरा दोऱ्यात असा गुंफला की मी खिडकीशी नेऊन उलटासुलटा पाहिला, मला जोड सापडला नाही. त्यांच्या उभ्या जन्मातलं सगळ्यात सुरेख काम असेल ते. ते त्यांनी पुन्हा बघितलं आणि सुईच्या टोकानं सगळं उसवून टाकलं.

"अहो, का?"

"त्याला दिसणार नाही," ते म्हणाले. "पण तो यावर हात ठेवून प्रार्थना करणार. मी इकडे भिंतीपलीकडे बसून ते ऐकणार. नाही जमायचं मला."

शाल पिशवीत घातली, दोन दोरे पाकिटात घातले आणि ते शेजारी गेले. मी आडभिंतीला कान लावला. मामंजींनी सांगितलं ते चार वाक्यांत सांगितलं. पलीकडे पिशवी सरकल्याचा आवाज आला. मग काकांचा आवाज, "हा कोपरा वडील बोटाला गुंडाळायचे. मी मांडीवर असायचो."  मामंजी म्हणाले, "हे दोरे." काका म्हणाले, "तुमच्यापाशीच ठेवा. फेकू नका, ते फेकायचे नसतात." आणि भर दिवसा, गुरुवार असून, त्यांचं शटर खाली आल्याचा आवाज मी ऐकला.

पुढचे पाच आठवडे मला अजून आठवतात. भिंतीपलीकडून खोकला यायचा, कपाटाचे खण सरकायचे, पण काका आमच्या पायरीवर आले नाहीत. आरशापुढे कॉलर चिमटीत धरणारं कुणी नाही. मामंजी बटणं दुसरीकडून आणायला तयार नाहीत. "बटणं त्याचीच लागतात," एवढंच. स्वतः जाऊन मागायचा धीर नाही, मलाही जाऊ देईनात. दांडीवर अकरा कोट बिनबटणांचे टांगलेले. एक वकीलसाहेब आपला कोट दोन्ही हातांनी मिटून धरून रागारागानं न्यायला निघाले, तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही. दोन बुधवार वर्ग भरलाच नाही. भरायला लागला तेव्हा मामंजी नुसते वाचायचे, बोलायचे काही नाहीत. दोन दोऱ्यांचं पाकीट त्यांनी शुभवर्तमानात, त्या बाईच्या पानाशी ठेवलं होतं. मला दिसत होतं, हा माणूस आपला एकुलता एक दोस्त घालवून बसलाय आणि यातून आता उठणार नाही.

पाचव्या बुधवारी वाचन आलं ते परुश्यांवर, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपंडितांवर, येशू तोंडसुख घेतो त्याचं. लोकांनी बघावं म्हणून हे आपले गोंडे मोठे करतात, असं तो म्हणतो. पोस्टमन म्हणाला, "तसलीच ही माणसं. नुसता देखावा."

"गप्प बस," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. "गोंडे मोठे करू नका म्हणतो तो. घालू नका म्हणतो का? मोठा की लहान, ही मापाची गोष्ट आहे, आणि मापावरून भांडण घरातलाच माणूस काढतो, परका काढत नाही. त्याच्या स्वतःच्या वस्त्राला गोंडा होता. त्या गोंड्याला ती बाई भीत भीत शिवली. आणि तसल्याच गोंड्यावर मी कातर चालवली, तुमच्यादेखत, त्याचाच उपदेश करता करता. मग ढोंगी कोण? परुशी?"

पोस्टमन बिचारा पांढराफटक. आणि तेवढ्यात आडभिंतीवर टकटक झाली.

"मास्तर," पलीकडून आवाज आला, "परुश्यांबद्दल अजून थोडं चुकतंय तुमचं."

मिनिटभरात काका दारात उभे. हातात बटणांची पुडी. त्यांनी दांडीवरच्या अकरा कोटांकडे पाहिलं, इस्त्रीजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "परुशी वाद घालायचे ते आज्ञांवर जीव होता म्हणून. ज्याला आपला मानत नाही त्याच्याशी कोण वाद घालतं? वाचा पुढे." मामंजींना पुढची ओळ दिसत नव्हती. ती मी वाचली.

त्यानंतर चौदा वर्षं ते स्टूल बुधवारी काकांचं होतं. काका शुभवर्तमान कधी मानायचे नाहीत, पण त्यातला एकेक माणूस आम्हाला ओळखून द्यायचे: हा कोळी असं का बोलला, त्या जकातदारावर लोक का चिडले, त्या विधवेला कुणाची भीती होती. आम्ही सगळे आपलंच पुस्तक नव्यानं शिकलो. इतकी मजा मला पुढे कशातच आली नाही. शालीचा विषय मात्र एकदाच निघाला. मामंजींनी विचारलं, "नवे दोरे बांधता येत नाहीत का हो त्या कोपऱ्याला?"

"येतात. मी बांधत नाही. वापरायला दुसरी घेतली आहे."

"का पण?"

"माझी शाल आहे," काका म्हणाले, आणि कुणाच्या तरी कॉलरमध्ये खोड काढायला उठले. माफी अर्धीच मिळाली, असं मामंजींनी तेव्हापासून मनात धरलं. चौदा वर्षं ते एवढंसं कुसळ त्यांना सलत राहिलं. मला ते कधी बोलले नाहीत, पण पुस्तक उघडलं की पाकिटाकडे बघायचे, ते मी बघायचे.

काका गेले ते पहाटे, झोपेत. सकाळी आम्ही दुकान नुकतंच उघडलं होतं, तर त्यांची बहीण आली. भावाजवळच राहायची, पाठीत वाकलेली. मामंजी उठून उभे राहिले तरी ती बसली नाही. त्यांच्यात लगेच पुरतात, तिला वेळ नव्हता.

"तुमच्यापाशी दोन दोरे आहेत म्हणे," ती म्हणाली. "ते द्या. त्याच्याबरोबर ठेवायचेत."

मामंजींनी शुभवर्तमान उघडलं. ते त्या पानाशी आपोआपच उघडायचं. पाकीट घेताना तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आमच्यात माणसाला त्याच्या शालीत गुंडाळतात," ती सांगायला लागली, "आणि तेव्हा एका कोपऱ्याचा गोंडा कापतात. गेलेल्याला आज्ञांचं बंधन नसतं, म्हणून. वडिलांची शाल काढली तर त्यात ही चिठ्ठी होती. तारीख चौदा वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही वाचावी असं वाटलं मला."

मामंजींचा चष्मा जागेवर होता, पण त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. बटणांच्या पुडीचा कागद, काकांचं बारीक अक्षर. मी वाचलं:

"मला याच शालीत न्यावं. एक गोंडा कापावा लागतो तो आमच्या मास्तरांनी आधीच कापून ठेवला आहे. काम चोख आहे. पुन्हा कुणी हात लावू नये."

 मग मामंजी म्हणाले, "काय म्हणतो? काम कसं आहे म्हणतो?"

"चोख," मी म्हटलं.

"लेखी?"

"लेखी दिलंय, मामंजी."

ते हसले. मग कापायच्या टेबलावर दोन्ही हात टेकून लहान मुलासारखे रडले, आणि बहीणही रडली, आणि मी तर काय, मला निमित्तच लागत नाही.

अंत्यविधीला निघताना त्यांनी काळा कोट घातला. त्याच्या बाहीला एक दोरा सुटून लोंबत होता. ते कातर दुकानातच विसरून निघाले होते, मीच ती उचलून बाही धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले.